अर्ज दिला, पण पोच घेतली का?



‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. म्हणताना आपण हसतो आणि विषय सोडून देतो. पण सहा महिने म्हणजे किती, याचा हिशेब कधी केला आहे काय? कचेरीत सहा महिने म्हणजे फायलीवरच्या दोन-चार तारखा. शेतात सहा महिने म्हणजे आख्खा हंगाम. पेरणी, कोळपणी, काढणी, बाजार, सारे त्यात येते. कागद वेळेवर झाला नाही तर पीककर्ज हुकते, विमा हुकतो आणि नुकसानीच्या यादीतले नाव हुकते.

एरवी मी तुमच्याशी कीड, खते, बियाणे यांवर बोलतो. आज विषय वेगळा आहे, पण तितकाच घरचा आहे. सरकारी कचेरीचे काम सुधारते कसे, यंत्रे आल्याने काय होते आणि काय होत नाही, आणि त्यात तुमचा-आमचा वाटा कोणता, एवढेच सांगायचे आहे. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला माझी 28 वर्षे गेली आहेत. त्यामुळे थोडी आमची उणीदुणीही सांगावी लागतील. सुरुवात माझ्यापासूनच करतो.

एका मावशींची तीन हेलपाट्यांची गोष्ट

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. हरभरा काढणीला आला होता, गहू पिवळा पडला होता आणि एका संध्याकाळी गारांनी शिवार झोडपून काढले. पंचनामे झाले, याद्या तयार होऊ लागल्या. त्या दिवसांत एक मावशी माझ्याकडे आल्या. चार वर्षांपूर्वी मालक वारले होते. तेव्हापासून अडीच एकर रान त्या एकट्या पिकवत होत्या. सातबारा मात्र मालकांच्याच नावाने. मयताच्या नावावर मदत जमा करायची कशी, म्हणून त्यांचे नाव बाजूला पडले होते.

मी म्हणालो, “मावशी, मृत्यूचा दाखला घेऊन या.” त्या गेल्या आणि चार दिवसांनी दाखला घेऊन आल्या. तेव्हा मी म्हणालो, “वारसांची नोंद झालेली नाही, ती करून आणा.” त्या म्हणाल्या, “ते वारले त्याच साली मी चावडीत सांगितलं होतं की.” मी विचारले, “लिहून दिलं होतं का? पोच घेतली होती का?” त्या गप्प झाल्या. तिसऱ्या वेळी आल्या तेव्हा मी बँकेचे पासबुक मागितले. त्या वेळी त्या उभ्याउभ्याच बोलल्या, “साहेब, तीन येळेला तीन कागद सांगितले. पहिल्याच दिवशी सगळे सांगितले असते, तर माझी दोन दिवसांची मजुरी वाचली असती.”

मी त्यांच्यावर रागावलो नव्हतो, पैसे मागितले नव्हते, खोटेही बोललो नव्हतो. मनात मी स्वतःला चांगला अधिकारी समजत होतो. त्यांच्या त्या एका वाक्याने तो समज उतरवला. पुढे त्यांची वारस नोंद झाली, पण तोवर यादी बंद झाली होती. त्या हंगामाची मदत त्यांना मिळाली नाही ती नाहीच.

चूक कोणाची? माझी होतीच, कारण मी कागद हप्त्या-हप्त्याने सांगितले. चावडीतही चूक झाली, कारण तोंडी सांगितलेले कोणी लिहून घेतले नाही. आणि घरच्यांना तर कोणी सांगितलेच नव्हते की अशा गोष्टीची पोच मागायची असते. एका कागदाला तीन ठिकाणी गळती लागली.

कायदा काय म्हणतो?

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 सालचा आहे. त्याच्या कलम 149 प्रमाणे वारसाने, खरेदीने किंवा वाटणीने जमिनीत हक्क आला, तर तो 3 महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचा असतो. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपल्या तोंडात अजून तलाठीच आहे.) हे कळवणे तोंडी असले तरी चालते, लेखी असले तरी चालते. आणि कसेही कळवले तरी तलाठ्याने लगेच लेखी पोच द्यावी, असे त्याच कलमात आहे.

म्हणजे त्या मावशींनी चावडीत तोंडी सांगितले ते कायद्याला धरूनच होते. त्यांच्या हातात एक चिठ्ठी पडायला हवी होती. ती पडली असती तर तिच्यावर तारीख असती, आणि चार वर्षे नोंद का झाली नाही, हे कोणाला तरी विचारता आले असते. तारीख नाही म्हटल्यावर उशीर झाला हेही सिद्ध करता येत नाही. उसने दिलेले धान्य आपण भिंतीवर कोळशाने लिहून ठेवतो. मग जमिनीचा हक्क तोंडावर कसा सोडायचा?

पोच मिळाल्यावर काम कसे चालते तेही माहीत असू द्या. वारसांची माहिती गाव नमुना 6-क या नोंदवहीत जाते, मग फेरफाराची नोंद धरली जाते. संबंधितांना नोटीस निघते. हरकत घ्यायला 15 दिवस असतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबाऱ्यावर नाव चढते. आपला कागद आता यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, एवढे विचारले तरी समोरचा माणूस सावध होतो. “माझं काम कधी होणार?” या प्रश्नाला “होईल” एवढे उत्तर पुरते. “हरकतीची मुदत कोणत्या तारखेला संपली?” या प्रश्नाला वही उघडावीच लागते.

नगर जिल्ह्याचा धडा

कचेऱ्या सुधारतच नाहीत, असे मात्र म्हणू नका. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अनिलकुमार लखिना हे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची जी घडी बसवली तिला पुढे ‘लखिना पॅटर्न’ असे नावच पडले. त्यात नवलाचे असे काय होते? वर्षानुवर्षे साठलेले कागद निवडले. ठेवायचे ते नीट लावले, टाकायचे ते टाकले. बसण्याची व्यवस्था बदलली, कोणाकडे कोणते काम ते ठरवून दिले. त्या वेळी जिल्ह्याच्या कचेरीत कोणाच्या टेबलावर संगणक नव्हता. तरीही ही पद्धत इतर कार्यालयांत न्यावी, असे राज्य शासनाला वाटले.

घरात कणगी, पोती, अवजारे, दोरखंड एकाच कोपऱ्यात टाकले तर ऐन पेरणीत पाभरीचा फण सापडत नाही. कचेरीचेही तसेच असते. सरकारी दप्तरात कागदांचे वर्ग ठरलेले आहेत. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10 वर्षे, ‘क-1’ 5 वर्षे आणि ‘ड’ वर्गाचा वर्षभरच. कारकुनाच्या टेबलावरच्या कागदांचेही सहा गठ्ठे करायचे असतात. काम बाकी असलेले, कोणाच्या उत्तराची वाट पाहणारे, ठरावीक मुदतीने पाठवायचे तक्ते, कायमचे आदेश, दप्तरखान्यात पाठवायचे आणि नष्ट करायचे. जिथे हे सहा गठ्ठे खरोखर बांधलेले असतात तिथे तुमचा अर्ज दोन मिनिटांत सापडतो. जिथे नसतात तिथे “साहेब दौऱ्यावर आहेत” हे उत्तर सापडते.

मीही त्या मावशींनंतर एक छोटी गोष्ट केली. प्रत्येक कामाला लागणारे सगळे कागद एका चिठ्ठीवर लिहून त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. माणूस आला की पहिल्याच दिवशी चिठ्ठी हातात. सहा महिन्यांत माझ्या दारातली गर्दी कमी झाली. काम तेवढेच होते, हेलपाटे मात्र घटले. यासाठी ना खर्च लागला ना वरून हुकूम आला. तुम्हीही कोणत्याही कचेरीत गेलात तर अर्ज देण्याआधी एवढेच म्हणा, “भाऊसाहेब, लागतील तेवढे सगळे कागद आजच लिहून द्या.”

यंत्र आले, पण लिहिणारा माणूसच

आता सातबारा संगणकावर आला आहे. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. 15 रुपयांत तो निघतो, त्यावर तलाठ्यांचा शिक्का किंवा शाईची सही लागत नाही. एका उताऱ्यासाठी दिवस मोडायचे दिवस गेले, ही मोठीच सोय झाली.

पण यंत्र म्हणजे जाते. वरून जे टाकाल तेच खाली पडेल. धान्यात खडा असेल तर पिठात कचकच येणारच. हाताने लिहिलेले लक्षावधी सातबारे संगणकात चढवताना कुठे नाव गळले, कुठे क्षेत्राचे आकडे चुकले, कुठे आणेवारी हुकली. ही कचकच काढायला काय केले ठाऊक आहे? 2017 साली गावोगाव चावडी वाचन घेण्यात आले. संगणकातले सातबारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायचे आणि ज्याचे चुकले असेल त्याने तिथेच सांगायचे. नवे यंत्र दुरुस्त करायला जुनी चावडीच कामाला आली! जे लोक कान देऊन बसले त्यांच्या चुका निघाल्या. जे “वाचतील त्यांचे ते” म्हणून रानात गेले, त्यांच्यातल्या काहींच्या चुका आता डिजिटल सहीसह निघतात.

म्हणून आजच एक काम करा. आपला सातबारा आणि आठ-अ काढा आणि घरातल्या शिकलेल्या पोरीला मोठ्याने वाचायला सांगा. नाव, गट नंबर, क्षेत्र, इतर हक्कात बोजा, विहीर, सारे जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी ताडून पाहा. फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून तसाच असेल तर बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला जोडून तो कमी करायला अर्ज द्या. लिहिण्यात चूक झाली असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आणि हो, पोच घ्या.

दुसरी गोष्ट पीक पाहणीची. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करीत. एकेका सजात दोन-तीन गावे, शेकडो गट. बांधाबांधावर जाणे कठीणच. मग बाजरीच्या रानात कापूस लागायचा आणि पडीत रानात ऊस डोलायचा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. आता आपल्या रानात उभे राहून, पिकाचा फोटो काढून, नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची. म्हणजे लेखणी आपल्या हाती आली. पण लेखणीबरोबर जबाबदारीही येते. पिकाची नोंद नसेल तर हमीभावाच्या खरेदीला अडचण, विम्याला अडचण, नुकसानीला अडचण. प्रत्येक हंगामाची मुदत जाहीर होते. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, त्या दिवशी रेंजही मिळत नाही. ज्या म्हाताऱ्या माणसांकडे मोबाईल नाही त्यांच्या रानाची नोंद तरुण मंडळाच्या पोरांनी करून दिली, तर गणपतीच्या वर्गणीइतकेच पुण्य पदरात पडेल.

हक्क कागदावर आहे, तो वापरा

महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा 28 एप्रिल 2015 पासून लागू आहे. त्याचा अर्थ साधा आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी देईल, हे प्रत्येक कार्यालयाने जाहीर करून फलकावर लावायचे. ग्रामपंचायतीतले जन्म-मृत्यूचे आणि विवाह नोंदीचे दाखले, नमुना 8 चा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, असे रोजचे कागद त्यात येतात. अर्ज दिला की पोच आणि अर्जाचा क्रमांक मिळायला हवा. नाकारायचे असेल तर कारण लेखी द्यायला हवे. मुदतीत काम झाले नाही किंवा अर्ज नाकारला, तर 30 दिवसांच्या आत वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. पुरेशा कारणाशिवाय काम अडवले असे ठरले, तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

तुमचे काम त्या फलकावरच्या यादीत नसेल तरी हात बांधलेले नाहीत. कोणत्याही फायलीने एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे 2005 सालचा विलंबाला प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा सांगतो. आणि त्याच वर्षी आलेल्या माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये भरून विचारता येते की, अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर कोणत्या दिवशी, कोणी, काय केले. उत्तर 30 दिवसांत मिळाले पाहिजे. मात्र पाहा, या तिन्ही कायद्यांत पहिला प्रश्न एकच येतो: अर्जाची तारीख कोणती? पोच नसेल तर कायदा असूनही पोहरा फुटका. विहिरीत पाणी आहे, पण वर येत नाही.

सेवा केंद्रातून संगणकावर अर्ज भरला तरी तेच. “झालं काका, गेला अर्ज” या शब्दावर उठू नका. छापील पावती घ्या, तिच्यावरचा क्रमांक घरच्या वहीत उतरवा आणि दराच्या फलकाप्रमाणेच पैसे द्या.

एक सांगतो, याचा उपयोग भांडणासाठी करू नका. चांगल्या कर्मचाऱ्यालाही तारीख आवडते, कारण तीच त्याच्या कामाची साक्ष असते. ज्याने मुदतीत काम केले त्याला दोन चांगले शब्द लिहून पाठवा. आमच्या खात्यात तक्रारीचे पत्र पुष्कळदा येते, शाबासकीचे क्वचित. ते आले की माणूस दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे लवकर येतो, हे मी पाहिले आहे.

ग्रामसभेची सतरंजी

कचेरी सुधारायची सर्वांत जवळची जागा आपल्याच गावात आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायला हवी. गणपूर्तीला गावच्या मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी लागते. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे लक्षात ठेवा! म्हणजे आपण पारावर बसून “काय होतंय तिथे जाऊन” म्हणत असतो, तेव्हा सतरंजीवरची पाच-दहा डोकी गावाचा आराखडा मंजूर करून मोकळी होतात. मग वर्षभर आपण बोटे मोडतो. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. भगिनींनो, ती कागदावर होते की खरोखर होते, हे तुम्हीच पाहायचे आहे.

सभेत जाऊन मोठे भाषण करायला नको. एकच मागणी करा. कोणते दाखले किती दिवसांत मिळतात त्याचा फलक, आणि तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक गावात कोणत्या वारी येतात त्याचा फलक पंचायतीच्या दारात लावा, असा ठराव घ्या. आणि मागच्या सभेच्या ठरावांचे काय झाले ते वाचून दाखवा, असे दर वेळी म्हणा.

शेवटी, घरचे गाठोडे

आम्हाला सहा गठ्ठे बांधायला सांगता, मग तुमचेही एक गाठोडे बांधा. पत्र्याच्या पेटीत दोन पिशव्या ठेवा. एका पिशवीत कायमचे कागद: सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र, जन्म-मृत्यूचे दाखले. दुसऱ्या पिशवीत चालू कामाचे: दिलेल्या अर्जांच्या नकला, पोच, पावत्या. वर शंभर पानी वही. त्यात कोणत्या तारखेला, कुठे, कशासाठी अर्ज दिला आणि पुन्हा कधी विचारायचे, एवढे लिहा.

आणि बंधूंनो, त्या पेटीची किल्ली एकट्याच्या करगोट्याला बांधू नका. कोणता कागद कुठे आहे, कर्ज किती आहे, अर्ज कुठवर आला आहे, हे घरच्या लक्ष्मीला माहीत असू द्या. त्या मावशींचे मालक चांगले कष्टाळू होते असे ऐकले. पण कागदाबद्दल ते घरात कधी एक शब्द बोलले नव्हते. ते गेले तेव्हा अडीच एकर रान तिथेच राहिले आणि त्याची ओळख मात्र त्यांच्याबरोबर गेली.

पुढच्या बाजाराला तालुक्याला जाल तेव्हा अर्जाची दुसरी प्रत बरोबर न्या. ती टेबलावर ठेवा, नमस्कार करा आणि म्हणा, “भाऊसाहेब, यावर सही, शिक्का आणि आजची तारीख.” पहिल्या दिवशी तोंड वाकडे होईल. दहाव्या माणसाने तेच म्हटले की शिक्का आपोआप उशाला ठेवला जाईल. कचेरी अशीच सुधारते. थोडी आतून, थोडी उंबऱ्याकडून.